बाह्य परिस्थिती, पान चार

नव्या कॉम्प्रेसरच्या कर्जाआधी
बँकेला अहवाल हवा आहे.
खल्फान म्हणाला, लिही, बाहेर काय चाललंय ते,
आणि स्वतः बाहेर जाऊन बसला
कारखान्याच्या सावलीत, कॉफीची किटली घेऊन.

सूर गावात आमचा बर्फ.
रोज एकशे चाळीस लाद्या.
मोफिज आकड्यानं एकेक ओढत नेतो तेव्हा
सिमेंटवर ओली रेघ उमटते
आणि तो मागं वळेपर्यंत वाळते.

आराखडा मला पाठ आहे,
सहा चौकोन, पाच बाण.
आमच्या आचऱ्यात हे दोन म्हणींत आटपायचं:
अंथरूण पाहून पाय पसरावे, हे आतलं.
वारा पाहून पाठ द्यावी, हे बाहेरचं.
पण म्हणीवर बँक कर्ज देत नाही.

तर, पुरवठादार: समुद्र.
तो थेट विकत नाही काही,
मीठ काढणाऱ्या प्लांटची मीटर लावलेली नळी आहे मध्ये.
वीज रात्री स्वस्त,
म्हणून आमचा बर्फ रात्रीच जन्मतो.
ग्राहक: नाखवे.
माझ्या भाषेतही नाखवाच म्हणतात, मी सांगितलं,
तर खल्फान हसला, म्हणाला,
मग उधारी बुडवण्यालाही तुमच्याकडे शब्द असेल.
आहेत, म्हटलं. चार-पाच.

पर्याय म्हणून, फायबरच्या होडीत बसवलेला
एक पांढरा डबा, जो स्वतःच थंड होतो.
अजून महाग आहे. 'अजून' खाली मी रेघ मारली.

स्पर्धक: पलीकडचा कारखाना, खल्फानच्या चुलतभावाचा.
गुरुवारी दोघं एकमेकांचे दर पाडतात,
शुक्रवारी नमाजानंतर एकाच ताटात जेवतात.
स्पर्धेची तीव्रता काय लिहू?
लिहिलं: मध्यम.
गावाचं नाव सूर, खपून गेलं.

पाणी तापतंय. सुरमई खोल जाते,
तिच्यामागे होड्या लांब जातात,
लांब जायचं तर बर्फ जास्त लागतो.
म्हणजे जे समुद्राला वाईट
ते आम्हाला दोन-तीन हंगाम बरं.
हे वाक्य तीनदा खोडलं.
मग ठेवलं, आकड्यांसकट.

राहिला कायद्याचा चौकोन.
टाइप करायला रय्या होती,
फेब्रुवारीत लागलेली, मस्कतहून पदवी घेऊन.
मी सांगत गेलो:
हिशेबाच्या जागा यापुढे नागरिकांसाठी.
तिची बोटं थांबली.
'हे कुठे घालू? संधीत की धोक्यात?'

सोळा वर्षं याच खुर्चीत.
डावा हात मोडलाय तिचा, चिकटपट्टी माझीच.
मी चष्मा पुसला, विचार करायला वेळ हवा म्हणून,
आणि विचार करायला तसं काही नव्हतंही.
कंपनीच्या बाजूनं बघ, म्हटलं,
पगार तेवढाच जातो, नाव बदलतं.
परिणाम: तटस्थ.
तिनं ते हळूहळू टाइप केलं,
एक अक्षर चुकलं, ते दुरुस्त केलं,
मग म्हणाली, 'माझ्या बापाला तुमचा बर्फ आठवतो.'
कुठला बाप, मी विचारलं नाही.

खल्फाननं पान चार दारात उभ्यानं वाचलं,
मागून थंडी निसटत होती बाहेर.
दोनदा वाचलं बहुतेक.
सही केली. मोफिजला ओरडला, दार लाव.

पान पाच: अंतर्गत क्षमता.
ते उद्या.
आज मी उधारीची जुनी वही काढली,
रय्याजवळ स्टूल ओढून बसलो.
हे लाल ठिपके कशाचे? तिनं विचारलं.
हा, वारा पडला की देतो.
हा देतो, पण मागायचं त्याच्या बायकोकडे.
हा दर रमजानच्या आधी, मोजून, एक बैसाही कमी नाही.
'आणि हा? याला दोन ठिपके.'
हा देणार नाही.

याला बर्फ द्यायचा.